सरसर रेकॉर्डरची, की खोलीची? आवाजाच्या कामासाठी छोटा रेकॉर्डर कसा पारखावा

दुकानात रेकॉर्डर हातात आला की बहुतेक जण एकच करतात. लाल बटण दाबायचं, ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री’ म्हणायचं, त्याच रेकॉर्डरला हेडफोन खुपसून ऐकायचं आणि ‘मस्त आहे की’ म्हणत पैसे द्यायचे. या एका चाचणीत तीन घोळ आहेत. दुकानात इतका गलका असतो की रेकॉर्डरची स्वतःची सरसर त्याखाली गडप होते. ‘टेस्टिंग’मधला अर्धा ‘स्’ सोडला तर त्यात ना धड ‘स’ आहे, ना ‘प’. म्हणजे ज्या अक्षरांवर माइकची परीक्षा होते तीच नेमकी गाळली जातात. आणि हेडफोनच्या जॅकमागे असतो तो वेगळाच छोटा अँप्लिफायर. तो स्वतःच सरसरत असेल तर फाइल स्वच्छ असूनही रेकॉर्डर बदनाम होतो. म्हणून पहिला नियम: रेकॉर्डरच्या जॅकवर निकाल द्यायचा नाही. कार्ड काढायचं, फाइल कॉम्प्युटरवर घ्यायची आणि कान झाकणाऱ्या वायरच्या हेडफोनवर ऐकायची. ब्लूटूथचा हेडफोन इथे नको, तो आवाज पुन्हा दाबून पाठवतो.

निवेदन, अभिवाचन, ऑडिओबुक, मुलाखती, पॉडकास्ट अशा बोलण्याच्या कामात रेकॉर्डरकडून अपेक्षा फार नसतात. बोलणं चालू असताना आवाज फाटू नये आणि दोन वाक्यांमधल्या शांततेत काही ऐकू येऊ नये. पहिली गोष्ट सांभाळणं सोपं आहे. सगळी पारख दुसऱ्या गोष्टीची.

खोक्यावरचा कोणता आकडा वाचायचा

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात ‘२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ’ छापलेलं असतं. हा आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही. २४ बिटमध्ये कागदावर १४४ डेसिबलची मोकळीक आहे. प्रत्यक्षात चांगल्यातला चांगला कन्व्हर्टर (माइकच्या विजेचे आकडे करणारा भाग) १२०च्या आसपास थांबतो. बोलण्यासाठी ४८ किलोहर्ट्झ भरपूर झालं. त्यात एका माइकचं तासाभराचं रेकॉर्डिंग सुमारे ५२० एमबी भरतं. ९६ केलं की कार्ड दुप्पट भरतं आणि कानाला मिळत काही नाही.

वाचायचा आकडा बारीक अक्षरांत, माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर असतो: इक्विव्हॅलंट इनपुट नॉइज, थोडक्यात ईआयएन. माइकमधून येणारा विजेचा संकेत अगदी क्षीण असतो, व्होल्टच्या हजाराव्या हिश्शाच्याही खाली. तो वापरण्याजोगा करायला रेकॉर्डरमधला प्रीअँप त्याला साधारण हजारपट, म्हणजे ६० डेसिबल, वाढवतो. त्याबरोबर प्रीअँपची स्वतःची सरसरही वाढते. ती सरसर माइकच्या टोकाशी मोजली तर किती भरेल, हे ईआयएन सांगतो. आकडा ऋण असतो. जितका जास्त उणे तितका रेकॉर्डर शांत. १५० ओहमच्या माइकसाठी निसर्गाने घातलेली मर्यादा उणे १३१ डीबीयूच्या (विजेच्या दाबाचं डेसिबलमधलं माप) आसपास आहे. तारेतले इलेक्ट्रॉन उष्णतेने हलतात, त्याचाच हा आवाज; कुठल्याही कंपनीला तो टाळता येत नाही. झूम कंपनीच्या एफ३ या छोट्या रेकॉर्डरला कंपनीने उणे १२७ दिलाय, म्हणजे त्या मर्यादेच्या अगदी जवळ. ज्या रेकॉर्डरच्या कागदावर हा आकडाच नाही, तिथे तो मिरवण्यासारखा नसावा असं समजायला हरकत नाही. आणखी एक मेख: हा आकडा बहुधा सगळ्यात जास्त गेनवर (प्रीअँप संकेत किती वाढवतो, त्याचं माप) मोजलेला असतो. गेन खाली आणला की तो बिघडतो. म्हणून तुम्ही ज्या गेनवर काम करणार, त्याच गेनवर तपासायचं.

आता हा उणे आकडा खोलीच्या डेसिबलमध्ये बदलून घेऊ, कारण त्याशिवाय त्याचा उपयोग नाही. रीत अशी: ९४ मध्ये ईआयएन मिळवायचा आणि त्यातून माइकची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ९४ डेसिबलच्या आवाजाला तो किती वीज देतो तो आकडा, वजा करायची. माइकचा आकडा डीबीव्हीमध्ये (त्याच दाबाचं दुसरं माप) छापलेला असेल तर त्यात आधी २.२ मिळवायचे. शुअर कंपनीच्या एसएम५८ या माइकची सेन्सिटिव्हिटी उणे ५४.५ डीबीव्ही, म्हणजे उणे ५२.३ डीबीयू. समजा एखाद्या स्वस्त रेकॉर्डरचा ईआयएन उणे ११० आहे. ९४ वजा ११० अधिक ५२.३, उत्तर ३६. याचा अर्थ, तो रेकॉर्डर आणि एसएम५८ एकत्र आले की एखाद्या पूर्ण निःशब्द खोलीतसुद्धा ३६ डेसिबलची सरसर चालू असल्यासारखं रेकॉर्डिंग होईल. तोच माइक उणे १२७ वाल्या रेकॉर्डरला लावा: उत्तर १९. आता माइक बदला. उणे ३० डीबीव्हीचा कंडेन्सर (रेकॉर्डरकडून वीज घेऊन जोरकस संकेत देणारा माइक) त्याच स्वस्त रेकॉर्डरला लावला तर उत्तर १२ येतं! म्हणजे ज्या रेकॉर्डरला ‘फार नॉइज आहे हो याला’ म्हणून नावं ठेवली जातात, तो कंडेन्सरबरोबर गुणी बाळासारखा वागतो. शुअरचाच एसएम७बी मात्र आणखी मंद, उणे ५९. पॉडकास्टवाल्यांचे फोटो पाहून तो घेणारे आणि उणे ११० च्या रेकॉर्डरला जोडणारे लोक पुढे रेकॉर्डरलाच दोष देतात.

एवढं झाल्यावर घरातला आवाज या आकड्यांच्या शेजारी ठेवून पाहा. पुण्यात कोथरूडच्या किंवा सिंहगड रोडच्या फ्लॅटमध्ये रात्री अकराला, पंखा बंद, खिडक्या बंद करून ३५ डेसिबलच्या आसपास पोचलात तरी चांगलं म्हणायचं. माणूस १५ सेंटिमीटरवरून नेहमीच्या आवाजात बोलला तर माइकपाशी साधारण ७६ डेसिबल भरतात. ऑडिबल या ऑडिओबुक कंपनीच्या एसीएक्स या मंचाची मोजपट्टी इथे सोयीची आहे (यात शून्य म्हणजे फाइलमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आवाज): बोलण्याची सरासरी उणे २३ ते उणे १८, सर्वोच्च टोक उणे ३ च्या आत आणि शांततेतला आवाज उणे ६० च्या खाली. सरासरी उणे २० धरली तर बोलणं आणि शांतता यांच्यात ४० डेसिबलचं अंतर हवं. खोली ३६ आणि रेकॉर्डरही ३६ असेल तर दोन्ही मिळून ३९ होतात. ७६ मधून वजा केले की ३७. नापास. रेकॉर्डर १९ चा घेतला तर बेरीज ३६ च राहते आणि ४० डेसिबल जेमतेम पदरात पडतात. आणि तो जुनाच रेकॉर्डर ठेवून तोंड १५ ऐवजी साडेसात सेंटिमीटरवर आणलं तर? अंतर निम्मं झालं की ६ डेसिबल वाढतात. ३७ चे ४३ झाले, तेही फुकटात. महागडा रेकॉर्डर घेण्याआधी फूटपट्टी घ्यावी, ती यासाठी.

घरच्या घरी मोजायचं कसं

कागदावरचा आकडा खरा की खोटा, हे शंभर रुपयांच्या आसपासच्या सामानात कळतं. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग मिळतात तिथून एक मेल एक्सएलआर (माइकच्या केबलला असतो तो तीन पिनांचा) कनेक्टर आणि १५० ओहमचा, १ टक्केवाला मेटल फिल्म रेझिस्टर आणायचा. रेझिस्टरचे दोन पाय कनेक्टरच्या २ आणि ३ क्रमांकाच्या पिनांना सोल्डरचा डाग देऊन जोडायचे, धातूचं कवच पिन १ ला जोडायचं. झाला ‘मुका माइक’. रेकॉर्डरला वाटतं माइक लागलाय, पण ऐकायला काही नाही. येईल ती सरसर फक्त रेकॉर्डरची.

आधी खरा माइक लावा आणि बोलताना टोकं उणे १२ च्या आसपास जातील असा गेन ठेवा. ऑटो लेव्हल, लिमिटर, लो कट, नॉइज कट असं आवाजात आपोआप ढवळाढवळ करणारं सगळं बंद. एक मिनिट वाचन करा. मग त्याच गेनवर, तोंड मिटून, खोलीची ३० सेकंद शांतता घ्या. आता गेनला हात न लावता माइक काढून मुका माइक लावा आणि आणखी ३० सेकंद. तिन्ही तुकडे ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा आणि तिन्हींवर ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे आवाज गाळणारा) फिल्टर चालवा, नाहीतर रस्त्यावरून गेलेल्या बसची घरघर आकडा बिघडवते. मग ‘अॅनलाइझ’ मेन्यूतलं ‘कॉन्ट्रास्ट’ उघडा. दोन तुकडे निवडले की त्यांच्या सरासऱ्या आणि त्यांतला फरक ते डेसिबलमध्ये देतं. पार्श्वसंगीतावर बोलणं नीट ऐकू येतं का, हे तपासायला ते केलेलं आहे, पण आपलं काम चोख होतं.

मुक्या माइकचा आकडा खोलीच्या शांततेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून खाली असेल तर रेकॉर्डर निर्दोष आहे. नवा घेऊन काहीही फरक पडणार नाही. पैसे जाड पडद्यावर घाला. दोन्हींत ३ डेसिबलहून कमी फरक असेल तर रेकॉर्डरच गुन्हेगार. मधल्या पट्ट्यात असाल तर माइकवर संशय घ्यायला जागा आहे. रात्री माइक गोधडीत गुंडाळून कपड्यांच्या कपाटात ठेवा, दार लावा, पुन्हा ३० सेकंद घ्या. तरीही आकडा मुक्या माइकच्या बराच वर राहिला तर ती माइकची स्वतःची सरसर.

रेकॉर्डरच्या डोक्यावर बसवलेल्या माइकवर ही युक्ती चालत नाही, कारण तो काढता येत नाही. तिथे फक्त कपाट आणि गोधडी. या जोडमाइकांची आणखी एक गंमत: ते बहुधा एकमेकांना तिरके, ९० अंशांत बसवलेले असतात. समोरून बोलणारा माणूस दोघांच्याही नाकासमोर नसतो, दोघांच्याही ४५ अंश बाजूला असतो. वरच्या पट्टीतली धार त्यामुळे थोडी बोथट होते. एकट्याच्या निवेदनासाठी एका माइकच्या रेघेवर तोंड आणायचं आणि तोच एक चॅनेल वापरायचा.

काय बोलायचं

इंग्रजी चाचणी-वाक्यं मराठी कामाला पुरी पडत नाहीत. आपल्याकडे दोन ‘च’ आहेत, दोन ‘ज’ आहेत, आणि ‘ब’–‘भ’, ‘द’–‘ध’ यांतला फरक नुसत्या श्वासावर उभा आहे. एक वाक्य ओठांसाठी: ‘पहाटे पाच वाजता भाऊने फणस फोडला, पाटावर पाणी पडलं.’ यात ‘प’ आणि ‘फ’ वर धप्प असा वारा ऐकू आला तर माइकवर स्पंज नाही किंवा तोंड अगदी समोर आहे. माइक ओठांच्या कोपऱ्याकडे, ४५ अंशांत सरकवला की बरंचसं थांबतं. हा दोष रेकॉर्डरचा नव्हे. दुसरं दातांसाठी: ‘सासूबाईंनी साजूक तुपात शिरा शिजवला, शेजारच्या सुषमाने चाखला.’ ‘स’ ची ताकद ५ किलोहर्ट्झच्या वर असते. तिथे रेकॉर्डर किंवा माइक भडक असेल तर प्रत्येक ‘स’ शिट्टीसारखा टोचतो. बोथट असेल तर ‘स’ आणि ‘श’ सारखे वाटू लागतात.

तिसरं वाक्य खरं कसोटीचं: ‘चाकाजवळ चिमणी बसली, जागेवरच जेवण झालं.’ ‘चाक’ मधला ‘च’ दाताला लागतो, ‘चिमणी’ मधला टाळूला. ‘जागा’ आणि ‘जेवण’ यांचंही तसंच. दंत्य ‘च’ ची ओळख वरच्या पट्टीतल्या एका क्षणभराच्या सळसळीत असते. कमी बिटरेटच्या एमपी३ मध्ये रेकॉर्ड केलं किंवा नॉइज कट चालू राहिला, की पहिल्यांदा तीच सळसळ खाल्ली जाते. डोळे मिटून ऐकताना ‘भात’ चा ‘बात’ वाटायला लागला तर मेन्यूत जाऊन पाहा, काहीतरी ‘ऑटो’ चालू राहिलेलं असतं. ऑटो लेव्हलची खूण वेगळी: वाक्य संपलं की मागचा आवाज हळूहळू वर चढतो, पुढचं वाक्य सुरू होताच दचकून खाली बसतो. मुलाखतीच्या मधल्या शांततेत पंखा मोठा होत जातो तो यामुळेच.

शेवटी एकदा कुजबुजून आणि एकदा खदखदून हसून घ्या. आवाज फाटतो तो हसण्यावर, बोलण्यावर नाही. फाटला असेल तर तो कुठे फाटला ते बघा. लाटेची टोकं शून्य डेसिबलला कापल्यासारखी सपाट दिसली तर गेन जास्त होता. टोकं खाली असूनही आवाज फाटलेला असेल तर प्रीअँपमध्येच ओव्हरलोड झालाय. नंतर कितीही आवाज कमी केला तरी ते सुधरत नाही.

३२ बिट फ्लोट या रेकॉर्डिंग पद्धतीचा गवगवा इथे समजून घ्यावा. कमी आणि जास्त आवाजासाठी दोन कन्व्हर्टर एकदम चालतात, त्यामुळे गेनची चूक नंतर दुरुस्त करता येते, फाटलेलं वाटणारं हसूही परत येतं. एकट्याने शूटिंग करणाऱ्याला हे वरदान आहे. पण त्याने सरसर कमी होत नाही, माइक स्वतः ओव्हरलोड झाला असेल तर तोही वाचत नाही. आणि आत दोन कन्व्हर्टर नसताना नुसती फाइल ३२ बिटची लिहिणारं यंत्र असेल तर तो लेबलापुरताच मामला.

टेबल, चार्जर आणि पावसाळा

रेकॉर्डर छोट्या तिवईवर, टेबलाच्या वर वीतभर उंचीवर ठेवला की आवाज डब्यातून आल्यासारखा कोंदट होतो. कारण तोंडातून थेट येणारा आवाज आणि टेबलावर आपटून येणारा आवाज थोड्या अंतराने पोचतात. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. दोन वाटांत १७ सेंटिमीटरचा फरक असेल तर १ किलोहर्ट्झपाशी दोन्ही एकमेकांना खोडतात, तेही नेमकं बोलण्याच्या मधोमध. दुकानातल्या दोन रेकॉर्डरची तुलना करताना एक टेबलावर आणि एक हातात असेल, तर तुलना टेबलाची होते. टेबलावर चौघडी केलेली चादर घाला किंवा रेकॉर्डर सरळ पृष्ठभागावर टेकवा. टेकवल्याने फरकाची वाट मिटते, मात्र बोटांची टकटक आत येते.

घूं असा सलग आवाज येत असेल तर ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या पट्टीत किती आवाज आहे, त्याचं चित्र) लावा. ५०, १०० आणि १५० हर्ट्झला आडव्या रेघा दिसल्या तर ती घरातली वीज आहे. रेकॉर्डर सेलवर चालवून पाहा. रेघा गेल्या तर दोष अॅडॅप्टरचा. पॉवर बँक वापरा. कंडेन्सर माइकसाठी फँटम पॉवरही (रेकॉर्डर माइकला पुरवतो ती वीज) तपासण्यासारखी: माइक न लावता मल्टीमीटरने पिन १ आणि २, मग १ आणि ३ मध्ये मोजा. ४४ ते ५२ व्होल्ट ठीक. सेल उतरत आले की काही छोट्या रेकॉर्डरमध्ये हा दाब ढासळतो आणि माइक खरखरू लागतो. हे दुकानात कळत नाही, दोन तासांच्या मुलाखतीत कळतं. म्हणून नवे सेल घालून, फँटम चालू ठेवून, सेल संपेपर्यंत एकदा चालवून पाहावा आणि शेवटची दहा मिनिटं ऐकावीत.

मोबाइलचा कॉलर माइक रेकॉर्डरला लावला आणि आवाजच आला नाही, तर पिन पाहा. तीन काळ्या रेघांची पिन मोबाइलची, दोन रेघांची रेकॉर्डरची. मधे पिन बदलणारा छोटा जोड लागतो.

जून ते सप्टेंबर कंडेन्सर माइक अधूनमधून फटफट, टकटक करतो. आतल्या पडद्यावर दमटपणा बसलेला असतो. सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवला की बहुधा एका रात्रीत सुधारतो, तेव्हा पावसाळ्यात घेतलेला माइक लगेच परत करायला धावू नये. गणपतीआधीचे दीड-दोन महिने नदीपात्रात ढोलपथकांचा सराव चालतो. त्यातला ढोल लो कटने थोडा कमी होतो. ताशा कुठल्याच बटणाने होत नाही. त्या संध्याकाळी कुठल्याही यंत्राची परीक्षा घेऊ नये.

दोन यंत्रांत निवड करताना

माणूस दोनदा सारखं बोलत नाही. म्हणून एक वाचन स्पीकरवर लावा, दोन्ही रेकॉर्डर एक मीटरवर, एकाच उंचीवर, शेजारी शेजारी ठेवा. स्पीकरचा रंग दोघांनाही सारखाच लागतो. फाइलींची सरासरी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवून घ्या. ही पायरी गाळली तर जो मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो, हमखास. मग घरातल्या कुणाला तरी फाइलींना ‘क’ आणि ‘ख’ नावं द्यायला सांगा आणि दहा वेळा उलटसुलट ऐकवायला लावा. दहापैकी नऊदा ओळखलं तर फरक खरा. नुसत्या अंदाजाने नऊ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता साधारण १ टक्का असते. सहा-सात आले तर स्वस्तातला घ्या.

यूट्यूबवरच्या तुलनेवर मात्र विसंबू नका. तिथे चढवताना आवाज दाबला जातो आणि शांततेतली बारीक सरसर, जी ऐकायची होती, तीच सपाट होते. कुणी ‘मूळ फाइल’ म्हणून वेव्ह पाठवली तर स्पेक्ट्रोग्राममध्ये १६ किलोहर्ट्झपाशी कात्रीने कापल्यासारखी कड दिसते का ते बघा. दिसली तर ती बहुधा एमपी३ वरून परत वेव्ह केलेली आहे.

वापरलेला रेकॉर्डर घेणार असाल तर मुका माइक खिशात ठेवूनच जा. गेनचं चाक रेकॉर्डिंग चालू ठेवून शून्यापासून शेवटपर्यंत हळू फिरवा. खरखर आली तर चाक झिजलंय. एक्सएलआर लावून केबल हलकेच हलवा. मग कार्ड घालून वीस मिनिटं मुक्या माइकवर चालवा आणि आवाज भरपूर वाढवून ऐका. ठरावीक अंतराने टिक-टिक येत असेल तर कार्डावर लिहितानाची वीज प्रीअँपमध्ये झिरपतेय. दुसरं कार्ड घालून पाहा. तरी राहिली तर तो तिथेच ठेवून या.